सगळं हिरवं

"काय असतं तर सिस्टीमनं कळवलं असतं आये, तू जा बिनधास्त," दीपेशने आईला सांगितलं आणि पुरावा म्हणून लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एकाखाली एक हिरव्या टिकल्या होत्या. चंद्राबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हिरवं म्हणजे चांगलं एवढं तिलाही कळत होतं. तिने डोक्याला फडकं बांधलं, विळा उचलला आणि भातकापणीला निघून गेली. बाप, गणू विशे, त्याआधीच शेतावर पोचला होता.

घरात उरली दोन माणसं. ओटीवर टेबल टाकून बसलेला दीपेश, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याची धाकटी बहीण वैष्णवी. पहिलटकरीण, आठवा लागलेला, मुरबाड तालुक्यातल्या धसईहून बाळंतपणाला शेणव्याला माहेरी आलेली. तिचं डोकं दुखत होतं. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. पहिल्या खेपेला असं होतंच, असं आळीतल्या निम्म्या बायकांनी सांगितलं. उरलेल्या निम्म्यांनी मीठ कमी खायला सांगितलं. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र दोन तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि रिपोर्ट थेट माझ्या मोबाइलवर येईल, आला की मी कळवते, असं म्हटलं होतं. एक तपासणी रक्ताची, ती वैष्णवीने निघायच्या आधी मुरबाडच्या केंद्रात करून घेतली. दुसरी लघवीची. त्यासाठी दिवसभराची लघवी डब्यात साठवायची होती, म्हणून ती माहेरी आल्यावर झाली, आणि चंद्राबाईनेच तो डबा पिशवीत घालून शहापूरच्या केंद्रात नेऊन दिला. त्याला आता बरेच दिवस झाले होते. रिपोर्ट आला नव्हता आणि डॉक्टरीणबाईंचा फोनही आला नव्हता. न आलेल्या फोनाचा अर्थ घरात प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला होता.

आता गंमत अशी, की तो रिपोर्ट ज्या रस्त्याने यायचा तो रस्ता सांभाळण्याचीच दीपेशला नोकरी होती. ठाण्यातली एक छोटी कंपनी. लॅबवाल्यांचं सॉफ्टवेअर एक, हॉस्पिटलांचं दुसरं, नमुने गोळा करणाऱ्या केंद्रांचं तिसरंच, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला समजत नाही. या सगळ्यांच्या मध्ये बसून इकडचा निरोप तिकडे पोचवणारं जे असतं, त्याला ही मंडळी इंटिग्रेशन फ्रेमवर्क म्हणतात. एका टोकाने निरोप आत टाकायचा, दुसऱ्या टोकाने तो समोरच्याला समजेल अशा रूपात बाहेर निघतो. मधे काय होतं ते तुम्ही बघायचं नाही, हीच त्याची मोठी जाहिरात. दीपेशनेही कधी बघितलं नव्हतं. नेटवरचं एक नमुन्याचं पान उघडून त्याने चार ओळी उचलल्या, नावं बदलली, चालवून पाहिलं, चाललं. एकदा चाललं की या धंद्यात कुणी खाली वाकून बघत नाही. आठवड्यातले काही दिवस तो आसनगावहून लोकल धरून ठाण्याला जायचा आणि बाकीचे दिवस ओटीवरून काम करायचा. गावात त्याला इंजिनियर म्हणायचे आणि ते ऐकून त्याची मान किंचित ताठ व्हायची, हेही सांगून टाकायला हवं.

आईला दाखवलेल्या टिकल्या खऱ्याच होत्या. त्याने वैष्णवी गणू विशे असं नाव घालून शोधलं होतं. शहापूरच्या केंद्रातून नमुना मिळाला, हिरवं. लॅबमध्ये तपासला, हिरवं. निकाल परत आला, हिरवं. एरर शून्य.

आई गेल्यावर त्याने पुन्हा एकदा सहज बघितलं आणि तो सरळ होऊन बसला. चौथी टिकली कुठे होती? रिपोर्ट पाठवला, ही शेवटची टिकली हिरवी नव्हती, लालही नव्हती. ती नव्हतीच. तिची जागा नुसती मोकळी होती, आणि मोकळ्या जागेकडे माणसाचं लक्ष जात नाही.

त्याने ठाण्याच्या साहेबांना फोन लावला.

"एरर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"एरर नाही सर. पण रिपोर्ट गेला नाहीये."

"एरर नाही ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

दीपेशने फोन ठेवला, माठातलं पाणी प्यायला, परत बसला, परत उठला. तहान नव्हतीच. आत डोकावला तर वैष्णवी जागीच होती.

"दादा, डोळ्यापुढं चांदण्या येतात रे."

"झोप नीट झाली नसंल तुजी."

"झोपलेली मी. परत परत येतात."

"रिपोर्ट येऊ दे वैशू, मंग बघू," तो म्हणाला आणि बाहेर आला. बाहेर येताना आपण काय बोललो हे त्याच्या कानांनी ऐकलं, पण मनाने ऐकलं नाही. मन त्या चौथ्या टिकलीपाशी होतं.

मग त्याने आजवर जे केलं नव्हतं ते केलं. फ्रेमवर्कचं झाकण उघडलं. झाकण म्हणजे काय, त्या फ्रेमवर्कचा स्वतःचा कोड, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, हजारो ओळींचा. एका चिठ्ठीवरच्या दोन तपासण्यांचे निकाल जोडून एकच रिपोर्ट पाठवायचा, म्हणून बाहेरून दीपेशने जिथे एवढंच लिहिलं होतं, 'एकत्र कर', त्या दोन शब्दांच्या पोटात एवढा पसारा निघाला की त्याला गरगरायला लागलं. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी अर्धी होती आणि मोबाइलची रेंज ओटीच्या उजव्या खांबापाशीच मिळायची, म्हणून टेबल ओढत तो खांबाला जाऊन चिकटला. समोरच्या खळ्यात भाताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांची धूळ वाऱ्यावर उडून थेट पडद्यावर येऊन बसत होती. तो ती बाहीने पुसायचा आणि पुढची ओळ वाचायचा.

नुसतं वाचून भागेना, म्हणून त्याने चाचणीच्या वेगळ्या जागेत खोटा पेशंट तयार केला. स्वतःच्याच नावाने. अर्धा रिपोर्ट टाकला, दुसरा अर्धा टाकला, दोन्ही जोडले गेले आणि चौथी टिकली हिरवी झाली. परत केलं, परत झालं. वैतागून त्याने तिसऱ्या वेळी एकच अर्धा टाकला आणि थांबला. पहिली टिकली हिरवी, दुसरी हिरवी, तिसरी हिरवी. चौथी नाही. त्याने बोटं मोडली, खळ्याला एक चक्कर मारून आला. चौथी नाही. एरर शून्य.

मग कुठे त्या पसाऱ्यातली ओळ त्याला कळायला लागली. 'एकत्र कर' म्हणजे जादू नव्हती, ती एक थांबायची जागा होती. रिपोर्टचा अर्धा भाग आला की फ्रेमवर्क त्याच्या कपाळावरची खूण बघतो. या खुणेचं आधी कुणी येऊन बसलंय का? बसलं असेल तर दोघांना जोडून बाहेर पाठवायचं. नसेल तर नवी जागा करून याला तिथे बसवायचं, जोडीदार येईपर्यंत. किती वेळ? ते ठरवायला एक रकाना होता. तो रिकामा सोडला तर कायमचं. नमुन्याच्या पानावर रिकामा होता, म्हणून दीपेशनेही रिकामा सोडला होता.

शहापूर स्टँडवरची शेणव्याची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. आत बसलेला माणूस घामाघूम होऊन घड्याळ बघत असतो आणि ड्रायव्हर टपरीवर निवांत चहा पीत उभा असतो, कारण त्याच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. हे तसंच होतं. वाट बघणं ही काही चूक नव्हे, मग एरर कशाचा दाखवायचा? दीपेशला एकदम त्या फ्रेमवर्कचा राग आला. आणि मग, राग ठेवायला आणखी कुणी सापडेना तेव्हा, तो राग मुरबाडच्या केंद्रावर वळला. लघवीचा अर्धा शहापूरहून येऊन बसलाय, म्हणजे रक्ताचा अर्धा मुरबाडवाल्यांनी पाठवलाच नाही, उघड आहे!

त्याने केंद्रात फोन लावून आवाज चढवला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "वैष्णवी नावाच्या कुणाचं रक्त आमच्याकडे आलेलंच नाही सर." त्याने मेव्हण्याला, अक्षयला फोन लावला. अक्षय मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला, बाहेर येऊन बोलला, "असं कसं? मी सोता बाजूला उभा होतो. नळी भरून घेतलं ना रक्त." म्हणजे नमुना हरवला! दीपेशचं डोकं फिरलं. त्याने अंगणात येरझाऱ्या घालत मुरबाडवाल्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा कुत्रा उठून दूर जाऊन बसला. सगळा दोष मुरबाडचा, हे एकदा ठरलं की त्याला जरा बरंही वाटायला लागलं. माणसाला काय, दुसऱ्याची चूक सापडली की अर्धा ताप उतरतो.

तेवढ्यात फोन वाजला. वैष्णवीची सासू, हिराबाई. अक्षयने तिला लगेच कळवलेलं दिसत होतं.

"दीपेश, काय रे बाबा, आमच्या नमूचा रिपोट हरवला बोलतात?"

"नाय मावशी, हरवला नाय, वैशूचा मुरबाडवाल्यांनी..." दीपेश बोलता बोलता थांबला.

नमू.

"हॅलो? दीपेश? हायस का?"

"मावशी, मी करतो परत फोन," तो म्हणाला आणि ओटीवर लॅपटॉपपाशी परत आला.

लग्न लागल्यावर धसईच्या मांडवात परातीत तांदूळ पसरले होते आणि अक्षयने अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहिलं होतं. नाव हिराबाईने निवडलेलं. नम्रता. दीपेश तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "आमची वैशू आणि नम्र? नाव ठेवून तरी होते का बघा पावणं." सगळा मांडव हसला होता, वैष्णवीने त्याला चिमटा काढला होता. त्या दिवसानंतर शेणव्यात ते नाव कुणी एकदाही घेतलं नाही, आणि धसईत दुसरं कुठलं नाव कुणी घेतलं नाही. आधारकार्डावरही आता तेच होतं. दीपेशला हे सगळं माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. नम्रता नावाची कुणी बाई त्याच्या ओळखीतच नव्हती.

त्याने नाव घातलं: नम्रता अक्षय देसले. मुरबाडच्या केंद्रातून नमुना मिळाला, हिरवं. तपासला, हिरवं. निकाल परत आला, हिरवं. चौथी जागा मोकळी.

दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकाच बाईचे दोन अर्धे, आणि प्रत्येक अर्धा दुसऱ्याची वाट बघत. नवऱ्याने मुरबाडला सासरचं नाव सांगितलं आणि आपला नंबर दिला. आईने शहापूरला डबा देताना नाव विचारल्यावर वैष्णवी सांगितलं आणि दीपेशचा नंबर दिला. आई दुसरं काय सांगणार होती?

आणि ती कपाळावरची खूण नाव आणि मोबाइल नंबर मिळून करायची, हे कुणी ठरवलं होतं? दीपेशनेच. आधी ती खूण म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीचा क्रमांक होता. पण दोन हॉस्पिटलांचे क्रमांक एकच निघाले, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जाता जाता राहिला, साहेबांनी झापलं. मग दीपेशने एका संध्याकाळी घाईघाईने खूण बदलून टाकली आणि चाचणी घेतली. स्वतःच्या नावाने, शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या नावाने, साहेबांच्या नावाने. सगळं झकास चाललं. चालणारच होतं, सगळे बाप्ये! बाप्याचं नाव पाळण्यापासून तिरडीपर्यंत एकच असतं. बरं, हॉस्पिटलचं नाव आणि चिठ्ठीचा क्रमांक ही दोन्ही जोडून खूण केली असती तरी काम झालं असतं, आणि ती दोन्ही निरोपाच्या पोटात पहिल्यापासून होती. फ्रेमवर्क इमानेइतबारे ती वाहून नेत होता. दीपेशने त्याला विचारलंच नव्हतं.

त्याने साहेबांना पुन्हा फोन लावून एका दमात सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "चालू सिस्टीमला हात लावू नकोस. बदलाची परवानगी काढ, सोमवारी घेऊ मीटिंग."

"सर, माझी बहीण आहे ती."

"समजतंय मला. पण प्रोसेस आहे."

दीपेश "हो सर" म्हणाला आणि त्याने चालू सिस्टीमला हात लावला. बॅटरी लाल झाली होती. त्याने नम्रताचा अर्धा बाहेर काढला, त्याची खूण पुसून वैष्णवीची घातली आणि तो परत आत सोडला. पापणी लवायच्या आत चौथी टिकली हिरवी झाली. इतके दिवस ज्याच्यासाठी घर ताटकळलं होतं त्याला एवढाच वेळ लागला.

त्याने रिपोर्ट उघडला. आकड्यांपुढे लाल बाण होते. काही वर जाणारे, एक प्लेटलेटपुढचा खाली जाणारा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लाल म्हणजे वाईट एवढं कळत होतं. त्याने डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला तर तो बिझी, कारण त्याच क्षणी त्या त्याला लावत होत्या.

"नम्रताच्या माहेरचे ना? रिपोर्टवर हाच नंबर आहे. हा रिपोर्ट आत्ता आलाय माझ्याकडे. कुठाय ती? डोकं दुखतंय का तिचं? डोळ्यांपुढे काही दिसतं, चांदण्यांसारखं?"

"हो."

"कधीपासून?"

दीपेशला ते माहीत नव्हतं. तो फोन घेऊन आत धावला. "वैशू, चांदण्या कवापासून दिसतात तुला?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिसापासून," वैष्णवी म्हणाली. "तुला सांगितलं व्हतं ना."

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यामुळेच दीपेश जास्त घाबरला. "हे बघा, मुरबाडला आणू नका, वेळ जाईल. थेट कल्याण गाठा. मी तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवते. प्रेशर डोक्यात गेलं तर झटके येतात, मग आई आणि बाळ दोघांचंही कठीण होतं. गाडी आहे का?"

गाडी बंटीची होती, दोन घरं सोडून. बंटीने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. दीपेश अनवाणी बांधावरून पळत सुटला आणि लांबूनच आईला हाका मारायला लागला. चंद्राबाईने त्याचा आवाज ऐकला, तोंड बघितलं आणि काही न विचारता धावत आली. हातातला विळा तिने गाडीत बसल्यावर बघितला आणि सीटखाली ठेवला. गणू मागून येतो म्हणाला आणि पाण्यातून काढल्यासारखा घामाने निथळत तिथेच बांधावर उभा राहिला.

हायवेवर कंटेनरांची रांग होती. बंटी हॉर्न वाजवत कडेकडेने काढत होता. दीपेश पुढे बसला होता आणि क्षणाक्षणाला मागे वळून बघत होता. वैष्णवीने डोळे मिटले होते. चंद्राबाई तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळत होती, तिच्या हाताला लागलेला भाताचा कोंडा त्या पायांना लागत होता.

"दीपू," चंद्राबाई टोलनाका पार झाल्यावर एकदम म्हणाली, "तू बोल्लास ना सगळं हिरवं हाय?"

हिरवं कसं होतं, एरर का नव्हता, हे दीपेशला आता इतकं नीट समजलं होतं की एखाद्या वर्गात शिकवता आलं असतं. आईला त्यातलं काय सांगणार?

"माजं चुकलं आये," तो म्हणाला. चंद्राबाई पाय चोळत राहिली.

कल्याणच्या हॉस्पिटलात गाडी थांबली तेव्हा स्ट्रेचर दारात होतं. प्रेशर मोजणाऱ्या सिस्टरने आकडा दोनदा बघितला आणि ओरडून डॉक्टरांना बोलावलं. सलाइन, इंजेक्शनं, सह्या, आणि मग एक बंद दार. अक्षय मुरबाडहून मोटरसायकल दामटत आला, त्याच्या अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच होता. दीपेशला बसवेना. तो पाण्याच्या मशीनपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून मशीनपर्यंत जात राहिला, शेवटी वॉचमनने त्याला हटकलं. त्या दोन टोकांमध्ये त्याने देवाला काय काय कबूल केलं ते त्याचं त्यालाच माहीत.

दिवेलागणीच्या सुमारास दार उघडलं. मुलगी झाली होती. चिमणीएवढी, पण रडली होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आईचं प्रेशर खाली येत होतं. "अजून थोडा उशीर झाला असता तर झटका आला असता," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट जरा आधी का नाही दाखवलात?"

अक्षय भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

एकेकाला आत सोडत होते. दीपेशची पाळी आली तेव्हा वैष्णवी पांढरीफटक पडली होती, पण डोळे उघडे होते.

"पोर बघितलीस?"

"काचेतनं बघितली. तुज्यासारखीच हाय, मूठ उगारलेली."

ती ओठांच्या कोपऱ्यातून हसली. मग सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाली, "मी रोज सांगत व्हते दादा. तुमी सगळी रिपोटची वाट बघत बसलात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दीपेशला सोसला असता. तो तिचा हात धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

बाहेर आला तो थेट जिन्याच्या पायरीवर बसला आणि घरून निघताना काखेत मारलेला लॅपटॉप भिंतीतल्या चार्जिंगला लावला. दुपारी नम्रताचा अर्धा शोधताना त्याने आणखी एक गोष्ट बघितली होती आणि तेव्हा तिकडे वळायला त्याला वेळ नव्हता. त्या थांबायच्या जागेत वैष्णवी एकटी नव्हती. अर्धे रिपोर्ट दाटीवाटीने बसले होते, शहापूरचे, मुरबाडचे, आणि जवळजवळ सगळे बायकांचे. लग्नाला वर्ष, दोन वर्षं झालेल्या, पहिल्या खेपेला माहेरी आलेल्या. कुणी सासरच्या नावाने आत आलेली, कुणी माहेरच्या.

साहेबांचा फोन आला. त्यांना हात लावल्याचं कळलं होतं. "बहिणीचं ऐकून बरं वाटलं. पण आता बास. क्लायंटला आपण व्यवस्थित शब्दांत कळवू. तोपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर जाता कामा नये आणि कुणाला फोन करायचा नाही, समजलं? नोकरीचा प्रश्न येईल दीपेश."

"येऊ दे सर," दीपेश म्हणाला. फोन ठेवल्यावर आपण असं बोललो याची त्याला भीती वाटली, आणि भीती वाटत असतानाच त्याने खूण बदलली. हॉस्पिटलचं नाव आणि चिठ्ठीचा क्रमांक. भराभर जोड्या लागायला लागल्या, चौथ्या टिकल्या एकामागून एक पेटत गेल्या. पण काही अर्धे तसेच राहिले. त्यांच्या चिठ्ठीचा क्रमांक केंद्रातल्या कुणीतरी टाकलाच नव्हता, ती जागा मोकळीच सोडली होती. त्यांना जोडणारं आता फ्रेमवर्कमध्ये काहीच नव्हतं. होतं ते फक्त एक नाव आणि एक मोबाइल नंबर.

पहिलं नाव होतं गोजर. त्याने नंबर लावला. एका पुरुषाने उचलला.

"गोजर हायत का?"

"कोण गोजर? राँग नंबर." फोन कट.

दीपेशने परत लावला. "दादा, ठेवू नका. लॅबमधून बोलतोय. तुमच्या घरात कुनी पोटुशी बाई हाय का?"

"हाय. माजी बायको. पन तिचं नाव रश्मी हाय."

"त्यांचं माहेरचं नाव काय?"

"माहेरचं... थांबा हां," तो माणूस चाचरला. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, जुनाट वाटलं म्हणून सासरी बदललेलं, आणि दोन वर्षांत नवऱ्याच्या तोंडातून पुसलंही गेलेलं. त्याने आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, गोजर कोण गो?"

भांड्यांचा आवाज थांबला. कुणीतरी लगबगीने आलं आणि फोन हिसकावून घेतल्यासारखा घेतला.

"मी गोजर," बाईचा आवाज आला, धापा टाकत, आनंदाने भरलेला. "कोन बोलतंय? आमच्या माहेरचं कोन हाय?"

"माहेरचाच समज ताई," दीपेश म्हणाला. "रिपोर्टचं मागनं बघू. तुला काय व्हतंय, ते तू आधी सांग."